वहाणेतले वजन

बुलढाण्याच्या बाजारात मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत बसलेल्या बाईसमोर वामनराव मास्तर उभे होते, तेव्हा मागून कुणी तरी हाक मारली, "ओ उकंडराव!" आणि मास्तर वळले. वळून झाल्यावर त्यांना कळले की आपण वळलो. हाक मारणारा एक म्हातारा होता, हातात रिकामी पिशवी. त्याने मास्तरांचे तोंड पाहिले आणि ओशाळून म्हणाला, "नाई हो, माफ करजा. पाठमोरे पाह्यले, मले वाटलं आमचे उकंडराव." तो गर्दीत दिसेनासाही झाला. त्यात विशेष असे काही नव्हते. वऱ्हाडात उकंडराव पुष्कळ. ज्या घरात मुले जगत नाहीत तिथे पुढचे मूल क्षणभर उकिरड्यावर ठेवून उचलतात आणि तसलेच नाव त्याला लावतात, मरणाने त्याला केरकचरा समजून सोडून द्यावे म्हणून. विशेष हे की मास्तरांचे नाव वामन होते, अठ्ठावन्न वर्षे वामनच होते, आणि तरी मान वळली होती. नुसती मानही नव्हे. आधी डावा पाय वळला होता, टाच किंचित ओढत. मेथी न घेताच ते निघाले. तहसिलीच्या उतारावर त्यांनी मुद्दाम पायांकडे पाहिले. पाय नीट पडत होते, शाळामास्तराचे, दोन्ही सारखे. पण वीस वर्षे झाली, उंद्री गाव सुटले, पेन्शन सुरू झाली, आणि ती एक चाल अजून या पायांत कुठे तरी बसून आहे, हाक मारली की उठते, हे आज कळत होते.

उंद्रीला ते अडतीस वर्षांचे होते आणि शिकवण्याचे त्यांना वेड होते. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शाळाखात्याने क्रमिक पुस्तकात वस्तुपाठ म्हणून जे दिले होते त्यावर त्यांचे समाधान होत नसे. खडू, मीठ, कापूस यांच्यावर पोरांना काय सांगायचे? पोरांना कापूस मास्तरांपेक्षा जास्त कळत होता. म्हणून ते वारूळ दाखवायला नेत, विहिरीच्या थाळ्यात ओंडका आणि दगड टाकून बघायला लावत, मातीवर हलके आणि जड गाडगे ठेवून कुठले किती रुतले ते काडीने मोजायला सांगत. त्या गाडग्यांच्या धड्याला कोकिळाही होती. ती शाळेतली नव्हती. अकरा वर्षांची ही पोर आपल्या धाकट्या भावाला, अर्जुनाला, शाळेत सोडायला येई आणि तीन वर्षांच्या रुख्मिणीला कडेवर घेऊन निंबाखाली उभी राही. परत जायची तिला घाई नसे. मास्तरांनी एकदोनदा आत बोलावले तर म्हणाली, "घरी कामं हायेत, मास्तर," आणि तिथेच उभी राहिली. आई आदल्या वर्षी गेली होती. बाप उकंडराव नाल्याकाठी भाजीचा छोटा मळा करी, दिवाळीनंतर शेगावच्या एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला गेला होता आणि आता परत येऊन सडकेच्या कामावर खडी फोडायला जातो असे गाव म्हणत असे. गाव म्हणत असे म्हणजे कोकिळा म्हणत असे. "बाबा अंधार पडल्यावर येते, उजाडायच्या आंधी जाते." आणि खरेच, रोज सकाळी मळ्याच्या ओल्या बांधावर त्याच्या वहाणांचे ठसे असत, घरापासून सडकेपर्यंत. कुणी त्याला पाहिले नव्हते, पण ठसे सगळ्यांनी पाहिले होते, आणि सुगीच्या दिवसांत माणूस पाहायला कुणाला सवड असते?

गावाच्या राखणीवरच्या कडूबा जागल्याला शाळेत आणायची कल्पना मास्तरांचीच. कडूबा ठशांवरून चोर काढी. बैल कुठल्या बाजूने चरला, बाई किती महिन्यांची गरोदर आहे, हे मातीवरून सांगे. असा माणूस गावात असताना पुस्तकातला वस्तुपाठ कशाला? कडूबा ओसरीवर चढेना, म्हणून मास्तरांनी वर्गच खाली आणला. पोरे त्याच्यामागे आनंदाने धावत होती. "हा कोणाचा पाय, कडूबा?" "हा तुह्या आज्याचा. काठी टेकून गेला, अन् मंधात उभा राहून शिव्या देल्ल्या." "शिव्या कशा दिसल्या बे मातीत?" एका पोराने विचारले. "टाच पाह्य ना. शिव्या देतानी माणूस टाचीवर येते." पोरे हसत सुटली, आळीपाळीने टाचेवर येऊन एकमेकांना शिव्या देऊ लागली, आणि मास्तरही हसत होते. आपण आज खरे काही तरी शिकवत आहोत असे सुख त्यांच्या अंगभर होते. ते सुख त्यांना पुढे वीस वर्षे आठवत राहिले, कारण त्याच सुखात ते कडूबाला म्हणाले, "चला, त्या बांधावरचे दाखवा." कडूबा बांधावर वाकला. "ह्या वहाणा उकंडभाऊच्या. डावीले आडवं ठिगळ हाये, अन् डावी टाच तो वढते." मग त्याने ठशावर तळहात पसरून ठेवला, जसा तापलेल्या कपाळावर ठेवतात. "वहाणा उकंडभाऊच्या," तो हळू म्हणाला, "पण याच्यात उकंडभाऊ नाई. याले वजन नाई, मास्तर." हसणे थांबले. अर्जुन पाटीवर बोट फिरवत होता. पाटी कोरी होती. निंबाखाली कोकिळेने रुख्मिणीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतले.

संध्याकाळपर्यंत गावात ती गोष्ट पसरली. वजन नसलेले कोण चालते हे कुणी कुणाला विचारले नाही, कारण उत्तर सगळ्यांकडे होते. बायकांनी नाल्याची वाट सोडली. तानुबाई नावाची शेजारीण कोकिळेला रोज ताक देई. ती आता दारात न येता लोटी कुंपणाच्या फटीतून आत सरकवू लागली. मास्तरांनी वर्गात समजावून सांगितले की माणूस आजाराने हलका होतो, खडीच्या कामाने वाळतो. आणि सांगता सांगता आपलाच आवाज आपल्याला पटत नाही हे त्यांना ऐकू येत होते. चार दिवसांनी कडूबा शाळा सुटायच्या वेळी आला. "येता का जरा?" बांधावर ठसे होते, ताजे, आणि या वेळी खोल. इतके खोल की कडेची माती वर आली होती. मास्तरांना हायसे वाटले. "बघा, आले की वजन." कडूबा त्यांच्याकडे बघत राहिला, अवघड गणितात हुशार पोराने सोपी चूक केल्यावर मास्तर बघतो तसा. "वजन आलं, मास्तर. पण ते चालणाऱ्याचं नाई. टाच पाहा, वरवर हाये. चवडा रुतला. पाठीवर वझं घेऊन वाकून चालणाऱ्याचा चवडा रुतते. अन् हे इथं पाहा, इथं ती पडली. हा हात. अन् हे बारके पाय, पाठीवरून उतरले अन् पुन्हा चढले." त्या हाताचा ठसा एवढासा होता. पाचही बोटे स्पष्ट. गाडग्यांचा धडा मास्तरांना आठवला; जड गाडगे अधिक रुतते, मुलांनो. कोकिळा बापाच्या वहाणा घालून, पाठीशी आठ वर्षांचा भाऊ आणि पोटाशी बहीण बांधून, रोज पहाटे बापाएवढी जड होऊन चालत होती.

कडूबाने मग राहिलेले सांगितले. उकंडरावाचा धाकटा भाऊ पंजाबराव देऊळघाटला राहत होता, आणि वहिनी गेल्यापासून त्याचे म्हणणे असे की लेकरे वाटून घ्यावी. कोकिळेला एका बिजवराचे स्थळ बघितलेले होते. अर्जुन गुरांमागे राहील. रुख्मिणीला शेगावची सोजराबाई, त्यांची मूल नसलेली चुलतबहीण, मागत होती. उकंडराव म्हणाला होता की मी जिता हाये तंवर तिघं एका जागी राहतीन, आणि त्यावरून भावाभावांचे बोलणे तुटले होते. "म्हंजे तो जिता हाये तंवर," कडूबा म्हणाला. "मास्तर, मी पाटलाले जे सांगतो ते खरं होते. माह्या बापापासून तसं हाये. आता तुमी सांगा. हे मी वाचलं, का नाई वाचलं?" मास्तर म्हणाले, "उद्या सांगतो." उत्तर येत नसले की ते पोरांनाही असेच सांगत.

ते उकंडरावाच्या घरी गेले तेव्हा ऊन कलले होते. दार पुढे लोटलेले, आत चूल पेटलेली. उंबऱ्याशी वहाणा होत्या, बाहेर तोंड करून. आत भिंतीला टेकून, घोंगडीच्या घडीवर रुख्मिणी बसली होती, एक गुडघा वर घेऊन, हात गुडघ्यावर टाकून, मोठ्या माणसासारखी, आणि अर्जुन तिच्यासमोर मान खाली घालून सांगत होता, "बाबा, वांग्याले कीड लागली." "काऊन लागली?" रुख्मिणी दरडावून म्हणाली. "मले गूळ आणा." मास्तरांना पाहून अर्जुन उठला, पण रुख्मिणी उठली नाही. कोकिळा चुलीपासून म्हणाली, "आज तिची पाळी हाये." मग तिला वाटले की मास्तरांना एवढ्यावर कळले नसेल, म्हणून तिने समजावून सांगितले, जसे ते स्वतः सांगत असत, सावकाश. रोज एक जण बाबा होतो. त्याला पहिली भाकर. तो सांगेल ते बाकीच्यांनी ऐकायचे, आणि दिवसभराचे सगळे त्याला सांगायचे. "नाई त सांगाव कोणाले? अन् मी एकलीच बाबा झाली त हे दोघं आयकत नाई. म्हनतेत तू त ताई हायेस." शेगावहून एक माणूस मार्गशीर्षात आला होता, मळ्यात एकट्या तिला गाठून त्याने वहाणा आणि घोंगडी दिली आणि जिनातल्या तापात बाबा गेल्याचे सांगितले. ती रडली का, हे मास्तरांनी विचारले नाही. तिनेच विचारले, "मास्तर, कडूबाचा धडा तुमीच ठेवला होता ना?" ते "हो" म्हणाले. ती रागावलेली नव्हती. नुसती खात्री करून घेत होती. मग म्हणाली, "एक इचारू? माणूस किती जड राहते? मी दोघाईले घेतलं तरी कडूबाले कमी पडते." शेर, पायली, मण, खंडी त्यांनी शेकडो पोरांना तोंडपाठ करून दिले होते. कोनाड्यात त्यांच्या आईचा कुंकवाचा करंडा होता, त्याच्यावर धूळ नव्हती. रुख्मिणी भिंतीशी बसून त्यांच्याकडे रोखून बघत होती, आणि एक क्षण त्यांना असे वाटले की आपण या घरात सर्वांत लहान आहोत, आणि त्या घोंगडीवर बसलेल्या माणसाची परवानगी घेतल्याशिवाय आपल्याला उठता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनीच वहाणा मागितल्या. कोकिळेने काही न विचारता दिल्या आणि घोंगडी डोक्यावरून पांघरायला लावली. बाबा अशीच घेत, डावा पदर लांब. वहाणेच्या तळव्याला दुसऱ्या माणसाच्या बोटांचे पाच खड्डे होते. मास्तरांची बोटे त्यांत बसली नाहीत, मग चार पावलांवर बसली. बांध गार होता. सडकेपर्यंत जायचे, सडकेवरून वळसा घालून माघारी यायचे, वहाणा कुंपणात ठेवायच्या आणि अनवाणी घरी. सकाळी कडूबाने ठसे पाहिले, आणि शाळेसमोरून जाताना, कुणाकडे न बघता म्हणाला, "आज उकंडभाऊ नीट गेले." एवढेच. गावाने श्वास सोडला. तानुबाई ताक घेऊन पुन्हा दारात आली. मास्तर रोज जाऊ लागले, आणि पहिल्या आठवड्यात ते वामनराव होते, वहाणा घातलेले. नंतर तसे सांगता येईना. अंधारात एका ठिकाणी पाय आपोआप बाजूला पडे. उजाडल्यावर पाहिले तर तिथे मातीत धारेचा दगड होता. वाफ्यापाशी थांबून त्यांचा हात आपल्या मनाने पाण्याचा दांड फोडी. मनकर्णाबाई, त्यांची बायको, एकदा जेवताना म्हणाली, "असे गुडघा वर घेऊन कधीपासून बसता तुम्ही?" हजेरी घेताना ते अर्जुनाच्या नावापर्यंत येत, 'अर्जुन उकंडराव', आणि त्या दुसऱ्या नावावर त्यांची स्वतःचीच मान वर होई. ते कुणाला सांगण्यासारखे नव्हते. भीती वाटत होती का? वाटत होती, पण पहाट झाली की पाय वहाणांकडे ओढ घेत, आणि भीती मागे राही.

माघातल्या एका पहाटे नाल्यावर धुके होते. सडक दहा पावलांवर असेल. मागून हाक आली, "भाऊ!" ते थांबले. "उभा राय, भाऊ. मी पंजाब." मास्तर वळले नाहीत, घोंगडी पुढे ओढली. पावले जवळ आली आणि पाचसहा हातांवर थबकली. तो माणूस मातीकडे बघत होता हे न वळताही कळत होते. त्याच्याही कानांवर गेलेच असणार. "लोक म्हनतेत तुले वजन नाई," पंजाबराव म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "वजन हाये. हाये ना बाप्पा." मग तो पुढून आला, वर न बघता, आणि खाली वाकून त्याने डोके वहाणांवर ठेवले. दोन्ही हातांनी पाय धरले. "मी लेकरं न्याले आलो होतो, भाऊ. गाडी तिकडं उभी हाये. आता तू नको म्हनशीन त नाई नेत. पन तोंडानं म्हन. तीन महिने झाले, कोणाशी बोलत नाई तू. एक डाव म्हन." त्याचे तळवे मास्तरांच्या पायांवर होते. एक अंगठा करंगळीपाशी थांबला, पुढे सरकला, पुन्हा मागे आला. धाकट्या भावाला मोठ्याचे पाय माहीत नसतात का? लहानपणी एका घोंगडीत झोपलेले, एकमेकांचे काटे काढलेले पाय. हात तिथेच राहिला, बराच वेळ, आणि मास्तरांना वाटले, आता हा डोके वर करील आणि सगळे संपेल, बैलगाडीत तिघे तीन वाटांना जातील, आणि ते माझ्या धड्याने झाले असेल. त्यांनी तोंड उघडले. काय बोलायचे ते ठरलेले नव्हते. आवाज आला तो खालून आला, बसका, थोडा खाकरून: "राहू दे. एका जागी राहू दे लेकरं." धुक्यात तो आवाज त्यांनी ऐकला, पंजाबरावाने ऐकला तसाच, समोरून आल्यासारखा. पंजाबराव "बरं" म्हणाला. उठताना त्याने तोंडाकडे पाहिले नाही. पाठ फिरवून तो गाडीकडे चालू लागला आणि बैलांना हाकताना रडत होता.

त्याने शब्द पाळला. दर अमावास्येला देऊळघाटहून येई, ओसरीवर बसून ज्वारीचे पोते उतरवून देई, भावाची चौकशी करी, "कामावर गेले असन" असे आपणच म्हणे आणि निघे. बिजवराला त्याने नाही कळवले. सोजराबाई रुख्मिणीला बघायला आली, आठ दिवस राहिली आणि एकटीच परत गेली. पुढल्या पितृपक्षात मात्र पंजाबरावाने कुणाला न विचारता आईबापांच्या पानाशेजारी आणखी एक पान वाढले, आणि ते कुणाचे हे त्याच्या बायकोनेही विचारले नाही. म्हणजे त्याला माहीत होते. केव्हापासून, हे मास्तरांनी पुष्कळदा मनाशी मांडून पाहिले. अंगठा करंगळीपाशी थांबला तेव्हापासून? मग त्याने "तोंडानं म्हन" म्हणून कुणाला विनवले होते? आणि बोलले ते कोण? त्या आवाजाचा माग कडूबालाही काढता आला नसता.

पण त्या पहाटे, गाडीची धडधड दूर गेल्यावर, हा प्रश्न अजून पडायचा होता. मास्तर घाईने घराकडे वळले होते. तिघेही जागी होती. गाडी आलेली त्यांनी ऐकली होती. कपड्यांची तीन गाठोडी दाराशी होती, कोकिळेने आपणच बांधलेली, तीन वेगवेगळी. रुख्मिणीच्या गाठोड्यात तिची चिंध्यांची बाहुली वर दिसत होती. मास्तर म्हणाले, "गेले. नेत नाहीत."  कोकिळेने खाली बसून गाठोड्यांच्या गाठी सोडायला घेतल्या, दातांनी, कारण गाठी घट्ट मारल्या होत्या. "काकानं कसं काय आयकलं?" मास्तरांनी सांगितले. बोलले ते शब्दही सांगितले. अर्जुन पुढे सरकला. "बाबासारखं म्हनलं तुमी?" "हो." "मंग आता म्हना ना. तसंच म्हना." त्याचे डोळे मास्तरांच्या तोंडावर होते. "मले बाबाचं तोंड ध्यानात हाये, पन आवाज गेला. परवा माही पाळी होती त मले बोलताच येईना." कोकिळेच्या दातांत गाठ तशीच होती; तीही ऐकत होती. रुख्मिणी दाराकडे बघू लागली, कुणी येणार असल्यासारखी. मास्तरांनी घसा साफ केला. घोंगडी अजून खांद्यावर होती, वहाणा अजून पायांत होत्या. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "राहू दे. एका जागी राहू दे लेकरं." शुद्धलेखन सांगायचा आवाज होता तो, एकेक अक्षर सुटे, पोरांना लिहून घेता यावे असा. त्यांनी पुन्हा म्हणून पाहिले. तोच. चुलीतले लाकूड खाली बसले. अर्जुनाचे तोंड उघडले, तो बोलणार होता, आणि कोकिळेने त्याच्याकडे नुसते पाहिले. "हाव," ती मास्तरांना म्हणाली, "आसाच होता बाबाचा आवाज. आसाच." तिने गाठोडे बाजूला सारले, मास्तरांच्या खांद्यावरची घोंगडी काढून घडी केली आणि भिंतीशी टाकली. "बसा घटकाभर. थकून गेले असान. भाकर टाकतो." मास्तर बसले. अर्जुनाने बहिणीकडे पाहिले, मग त्यांच्याकडे, आणि मोठ्या माणसासारखी मान डोलावली. "हाव, मास्तर," तो म्हणाला. "आसाच होता."